कडबा वाढला आणि आम्ही मोताळ्याला पळालो

परत आल्यापासून आळीतली प्रत्येक बाई मला एकच विचारते आहे. वैशाखात माणसं महाबळेश्वरला जातात, तुम्ही बुलढाणा जिल्ह्यात काय बघायला गेला होतात? एकेकीला जिन्यात उभं करून सांगायचा आता मला कंटाळा आला, म्हणून एकदाच लिहून टाकते. बघायला म्हणून मी काही गेले नव्हते. पण जे बघितलं ते महाबळेश्वरला सात जन्मांत दिसायचं नाही, एवढं आधीच सांगून ठेवते.

जळगाव जामोद

आमच्या ह्यांचं मूळ घर वऱ्हाडातलं. नोकरीपायी पुण्यात आले आणि इथलेच झाले. थोरल्या बहिणीला मात्र जळगाव जामोदला दिली होती. त्या माझ्या गोदावन्सं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी त्यांच्या घरी कधी गेले नव्हते. शेवटी त्यांनीच येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर निरोप धाडला, "आता तं महाराष्ट्र झाला, तुमचं आमचं एकच राज्य झालं. आता कायचा बहाणा सांगता?" एवढं ऐकल्यावर न जाऊन सांगते कुणाला!

नांदुऱ्याला आगगाडीतून उतरले तेव्हा नुकती सकाळ झाली होती, पण ऊन असं की पुण्याच्या दुपारनं हात जोडावे. एस.टी.त शेजारी एक म्हातारी बसली होती. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, कनवटीचा कांदा काढला आणि माझ्या हातावर ठेवला. मी म्हटलं, "आजी, मी कच्चा कांदा खात नाही हो." सगळी बस खो-खो हसली. "खाऊ नोको माय, जोळ ठेव. ऊन लागत नाई," म्हातारी म्हणाली. मी निमूटपणे तो रुमालात बांधला. पुढे पूर्णा नदी लागली. वाळूच्या मोठ्या पात्रात पाण्याची एक धार, एवढीच ती उन्हाळ्यात उरते. नदी ओलांडली आणि थोड्या वेळानं समोर सगळ्या क्षितिजावर सातपुडा उभा राहिला.

वन्संचं घर बाजारपेठेत, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड. भावजी शेतावर मुक्कामाला होते, त्यामुळे घरात आम्ही दोघीच. वन्सं म्हणजे उंच, काळ्यासावळ्या, आवाज असा की माडीवरून बोलल्या तर चौकातला माणूस "ओ" देईल. त्यांनी माझ्यासाठी मांडे केले. उपडं खापर चुलीवर, आणि पुरणाची पोळी लाटायची नाही, दोन्ही हातांवर झुलवत झुलवत मोठी करायची आणि कोपरापर्यंत आली की खापरावर टाकायची. मी हौसेनं एक करून बघितला. तो माझ्या दंडावर बसला. वन्संना हसू आवरेना. "राहू द्या वहिनी, तुमी फक्त खा!" मग आमरस, कुरडया आणि शेंगदाण्याचा ठेचा. ठेच्यानं माझ्या डोळ्यांतून, नाकातून, कानांतून धूर निघाला.

संध्याकाळी गच्चीत गेलो. लांब डोंगरावर दिव्यांची एक लांबलचक माळ दिसत होती, वळणं घेत घेत वर चढलेली. मी टाळ्या वाजवल्या. "अय्या वन्सं, कोणाची वरात चालली आहे डोंगरावरून?"

"वरात कायची! वणवा हाय तो, वहिनी," वन्सं म्हणाल्या. "खाली पायथ्याशी गावं हायेत." मी जीभ चावली.

त्यांनीच मग सांगितलं की उन्हाळ्यात मोहाची फुलं वेचायला जमीन स्वच्छ हवी, म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात. वारा पडलेला असला तर आग तिथल्या तिथे विझते. त्या दिवशी वारा सुटला होता. पुण्यात आपण पारिजातकाखाली चादर अंथरतो, तेवढंच आपलं फुलं वेचण्याचं ज्ञान.

शाळेचं आवार

सकाळी उठले तर रस्त्यावरून बैलगाड्या चालल्या होत्या. जंगलखात्याच्या माणसांनी पायथ्याचं एक अख्खं गाव खाली उतरवलं होतं. माणसं सगळी वाचली, देवाची कृपा. पण गवताची छपरं गेली, आणि वर्षभराचा कडबा गंज्यांसकट गेला. शाळेला सुट्टी होती, तिचे वर्ग उघडून दिले. बैल आवारातल्या कडुनिंबांना बांधले.

आमच्याकडे असं काही झालं तर आधी सभा भरते. मग अध्यक्ष कोण यावरून दोन तट पडतात आणि आभार मानेपर्यंत चहा गार होतो. इथे कुणी कुणाला बोलावलं नाही. ज्या घरात भाकऱ्या झाल्या त्या घरातून भाकऱ्या आल्या. सोनारणीनं लुगडी आणली, तेल्यानं तेल आणलं. वन्संनी माझ्या डोक्यावर ताकाची कळशी ठेवली आणि म्हणाल्या, "तुमी पाहुण्या, पन हात तं रिकामे हायेत ना?" अर्धं ताक माझ्या पाठीवरून गेलं. उरलेलं मी शाळेत पोचवलं. मला इतका हुरूप आला होता की काय सांगू! एवढ्या उन्हात इतकं धावपळीचं काम मी उभ्या आयुष्यात केलं नव्हतं, आणि मला ते भयंकर आवडलं.

तिथेच माझी वच्छलाशी ओळख झाली. माझ्याहून बरीच लहान, कामाला विजेसारखी. तिचा नवरा पुंडलिक ओल्या फांद्यांनी आग झोडपता झोडपता निखाऱ्यांवरून धावला, त्याचे दोन्ही तळवे भाजले होते. तो व्हरांड्यात खांबाला टेकून पडलेला असे. सोबत त्याची म्हातारी आई, तिला सगळे बुढी म्हणत. आणि दोन पांढरेशुभ्र बैल, हरण्या आणि पाखऱ्या. वच्छला आपल्या वाट्याची भाकरी मोडून आधी त्यांना भरवी.

माणसांची सोय गावानं केली, पण बैलांची होईना. त्या साली कडबा सगळीकडेच टंचाईचा. ज्यांच्याकडे होता त्यांनी दिला, आणि तो बघता बघता फस्त झाला. बैल कडुनिंबाच्या साली चावू लागले. अशात बैलांचा एक व्यापारी आवारात येऊन गेला. पुंडलिकनं मान खाली घालून त्याला शब्द दिला की परवा संध्याकाळी येऊन जोडी घेऊन जा. "उपाशी मारण्यापरीस दुसऱ्याच्या दावणीले जगतीन," एवढंच तो बोलला. मिरगाची पेरणी महिन्यावर आली होती. बैल गेल्यावर शेत कशानं करायचं, हे तिथं कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ताक घेऊन गेले तेव्हा एक तरुण गृहस्थ आले होते. मुंबईकडचे, स्वच्छ पांढरा शर्ट, बोलणं अगदी गोड. कुठल्याशा मदत समितीचे होते. कुठे काय कमी आहे ते विचारत फिरत होते. ते बुढीसमोर उकिडवे बसले.

"आजी, ज्वारी आहे का?"

"वाढली, बाप्पा."

"मीठमिरची?"

"तेही वाढलं."

"आणि गुरांना कडबा?"

बुढीनं बैलांकडे बघितलं. "कडबा तं सगळ्याच्या पयले वाढला, साहेब."

"छान, छान! म्हणजे इथं काही कमी नाही?"

"तुमच्या पुण्याईनं काई कमी नाई," बुढीनं हात जोडले. आजूबाजूच्या बायांनीही जोडले.

गृहस्थांचा चेहरा उजळला. मलाही अभिमान वाटला. म्हटलं, बघा माझ्या नणंदेचं गाव! ते उठले, मला म्हणाले, "तुम्ही जळगावकरांनी कमाल केलीत हो. माझा ट्रक बाहेर सावलीत उभा आहे, मोताळ्याच्या व्यापाऱ्यांनी कडबा आणि ज्वारी भरून दिली होती. ज्याची त्याला परत करतो, दुसऱ्या कुणाच्या कामी येईल." आणि गेले. बैलांच्या बरगड्या माझ्या डोळ्यांसमोर होत्या, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

मीठ

घरी येऊन पानं घेत होते तेवढ्यात चुलीपासून वन्सं म्हणाल्या, "वहिनी, मीठ वाढलं हो. खालून दुकानातून आनता काय?"

मी म्हटलं, "वाढलं तर आणायचं कशाला?"

"अवं!" वन्संनी तोंडावर हात ठेवला. "चुलीम्होरं संपलं म्हनू नये. वाढलं म्हनावं. घरातली लक्ष्मी आयकते."

मी मिठाची बरणी उघडली. बरणीत खडा नव्हता. आमच्याकडे नारळ वाढवतात, बांगडी वाढते, कुंकू वाढतं. हे सगळं मला आईच्या पोटातून येतं, पण ट्रकभर कडब्याला कुणी तो शब्द लावील असं माझ्या स्वप्नातही नव्हतं. आणि वणव्यातून निघालेली बुढी "संपलं" हा शब्द कशाला उच्चारील? सगळं संपल्यावर तर माणूस जास्तच जपतं.

"वन्सं!" मी किंचाळले. "कडबा वाढला!"

"कोनाचा?"

मी सगळं सांगितलं. वन्संनी ऐकता ऐकता चुलीतली लाकडं बाहेर ओढली, त्यांवर पाणी मारलं, पदर खोचला. "आन् ट्रक वापस गेला? भरलेला?" त्यांनी पायांत चपला अडकवल्या. "चाला वहिनी. जेवन मोताळ्याले."

वाटेत शाळेपाशी थांबलो. वन्सं म्हणाल्या, "वच्छला, कडबा आनाले जाऊन राह्यलो. उद्या संध्याकाळच्या आत येतो. बैल सोडू नोको."

वच्छला म्हणाली, "त्याहीनं शब्द देल्ला हाय, बाई. तो व्यापारी आला तं म्या काय सांगू?"

वन्संनी माझा हात ओढला. बस सुटत होती, आम्ही पळालो.

मोताळा

नांदुऱ्याला गाडी बदलून मोताळ्याला पोचेपर्यंत दिवस कलला. वन्संच्या ओळखीच्या एका घरी उतरलो. मालकीणबाईंनी काहीही न विचारता पिठलं-भाकरी वाढली आणि मग म्हणाल्या, "आता सांगा, काऊन आल्या?" हा क्रम मला फार पटला. आपल्याकडे कामाचं आधी विचारतात.

सकाळी बाजार होता. काय तो बाजार! मिरच्यांचे ढीग, कांद्यांचे ढीग, दोरखंडं, घुंगरमाळा, विळे आणि त्या सगळ्यात धुळीचा लोट. माझ्या चपलेचा अंगठा पहिल्या पाच पावलांत तुटला. त्या तापलेल्या धुळीत मी एकदा ह्या पायावर, एकदा त्या पायावर अशी नाचत होते आणि भाजीवाल्या माझ्याकडे बघून एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. ट्रक एका जिनाच्या, म्हणजे कापसातली सरकी काढतात त्या कारखान्याच्या, आवारात सापडला. मुंबईचे गृहस्थ कालच बुलढाण्याकडे निघून गेले होते. कडबा अजून ट्रकमध्येच होता, पण तो उतरवायला माणसं लागली होती.

शेजारी बाजेवर एक पिकल्या मिशांचे अडत्ये बसले होते. ज्वारी आणि कडबा गोळा करण्यात त्यांचाच पुढाकार. वन्संनी जळगाव जामोदचं नाव काढताच त्यांनी तोंड फिरवलं.

"तुमच्या लोकायचं पोट भरलं हाय म्हने. आमचा कडबा चालला नाई त्याइले. घरोघर फिरून जमा केला होता आमी. आता कोन्या तोंडानं पुन्हा देतीन लोकं?"

झालं! वन्संचा आवाज सुटला. "कोन म्हनते चालला नाई? अहो दादा, तुमच्या घरी माय-बाई हाय का नाई? चुलीपाशी मीठ नसलं तं ते काय म्हनते?"

"काय म्हनते म्हंजे..." अडत्ये थांबले.

"त्या साहेबानं बुढीले इचारलं, कडबा हाय का? बुढी म्हने, वाढला! ज्वारी? वाढली! मीठ? वाढलं! वणव्यात घर जयलेली बाई संपलं म्हनंन का तोंडानं? आन् त्या भल्या मानसाले वाटलं, हे लोकं तं सुखात लोळून राह्यले!"

मग समोरच्या कांदेवालीनं कपाळावर हात मारून घेतला. "अवं माय व! सारंच वाढलं त्या बिचारीचं!" एवढं ती म्हणाली आणि बाजारच उठला म्हणा ना. अडत्ये बाजेवरून असे उठले की बाज कलंडली. "अरे, उतरवून काय राह्यले बे! टाका वापस! जल्दी!" खाली आलेल्या पेंढ्या वर गेल्या. ज्यांनी काल हात आखडला होता ते पोती पाठीवर घेऊन आले. एका शेतकऱ्यानं तर बाजारापुरता आपल्या बैलांसाठी आणलेला कडबा गाडीतून उपसून ट्रकमध्ये फेकला. त्याचे बैल त्याच्याकडे बघत राहिले. "तुमी घरी खासान," तो त्यांना म्हणाला. मी एका हातात तुटकी चप्पल घेऊन ओरडत होते, "अजून! अजून!" मला आमच्या आळीतल्या बायांनी तेव्हा बघायला हवं होतं.

परत

ट्रकवाला मोठा बोलका. वन्सं आणि मी त्याच्या शेजारी. "फिकर करू नका बाई, आसर वेळेला, दिवस बुडायच्या आत, तुमाले पोचवतो," असं तो म्हणतो न म्हणतो तोच पूर्णेच्या अलीकडे फाट्‌कन चाक बसलं. सूर्याकडे बघायचा धीर होईना. नदीच्या वाळूत टरबुजांच्या वाड्या होत्या, तिथली माणसं आपणहून वर आली. त्यांनी खांदे लावले, चाक बदललं आणि वर टरबूज फोडून आमच्या हातांत दिलं. इतकं गोड टरबूज मी पुण्यात खाल्लेलं नाही, आणि इतक्या घाईत तर कुठेच नाही. वन्सं घास गिळत म्हणत होत्या, "चाला बाप्पा, चाला, तो आला असंन."

तो आलाच होता. आम्ही शाळेच्या फाटकातून आत शिरलो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि दोन्ही कासरे व्यापाऱ्याच्या हातात होते. रस्त्यावर त्याची माणसं बाकीची जनावरं घेऊन थांबली होती. पुंडलिकनं तोंड भिंतीकडे केलं होतं. वच्छला बैलांच्या मधे उभी होती, डोळे कोरडे ठक्क.

वन्सं ट्रकमधूनच ओरडल्या, "थांबा! कडबा आला!"

व्यापारी म्हणाला, "आनंद हाय, बाई. पन शब्द झाला. बैल माहे हायेत."

पुंडलिक भिंतीकडेच तोंड ठेवून म्हणाला, "शब्द झाला हाय. घेऊन जा."

ज्यांनी मोताळ्याचा बाजार हलवला त्या माझ्या वन्सं ट्रकच्या पायरीवरच थबकल्या. मला तर रडूच कोसळलं. एवढं धावून, एवढं ओरडून आम्ही फक्त उशीर केला होता. वच्छला मात्र ट्रकजवळ आली. एक पेंढी ओढली, तिचा बंध सोडला आणि हरण्या-पाखऱ्याच्या पुढ्यात पसरली. दोघं तिच्यावर तुटून पडले. किती दिवसांनी आवारात तो कुरकुर आवाज झाला.

व्यापाऱ्यानं कासरा ओढायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. "खात्या बैलाले म्या कधी ओढत नाई," तो म्हणाला. "पाप हाय ते. खाऊ द्या, मंग नेतो." तो दगडावर बसला आणि तंबाखू मळू लागला.

वच्छलानं ते ऐकलं. पहिली पेंढी अर्धी झाली नव्हती तोच तिनं दुसरी आणून टाकली. दुसरी व्हायच्या आत तिसरी. बघता बघता सगळ्यांच्या ध्यानात आलं. ट्रकपासून कडुनिंबापर्यंत बायामाणसांची रांग लागली आणि हातोहात पेंढ्या येऊ लागल्या. मीही रांगेत होते. कडब्याच्या पात्यांनी माझे तळवे चिरले आणि ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

रस्त्यावरून हाक आली, "शेठ, चाला ना!"

"आलो, आलो," व्यापारी म्हणाला आणि बसून राहिला. त्यानं बैलांकडे पाहिलं, मावळतीकडे पाहिलं, वच्छलाकडे पाहिलं. पुन्हा हाक आली. तो उठला. त्यानं वाकून दोन्ही कासरे कडुनिंबाच्या मुळीवर ठेवले आणि धोतर झटकलं.

"पुंडलिकभाऊ, हे बैल तं काई आज खानं सोडत नाईत," तो म्हणाला. "शब्द मोकळा केला म्या तुहा." तो फाटकाबाहेर पडला.

वच्छला अजून पेंढ्या आणतच होती. बैलांचं पोट केव्हाच भरलं होतं, ते तोंड फिरवत होते, आणि ही बाई कडबा उचलून त्यांच्या जबड्यात कोंबत होती. शेवटी वन्संनी तिचं मनगट धरलं. "अवं वच्छला, गेला तो! बास कर आता, बैलाचं पोट फुटंन!"

तिनं रस्त्याकडे पाहिलं. रस्ता रिकामा होता. हातातली पेंढी टाकून ती तिथंच कडब्यात बसली आणि वणवा लागल्यापासून पहिल्यांदा मोठमोठ्यानं रडली. आणि आम्ही सगळे, देव जाणे काऊन, हसत सुटलो. भाजलेल्या पायांचा पुंडलिक सगळ्यांत मोठ्यानं हसत होता. हरण्या जडावला होता. त्यानं आधी पुढचे गुडघे टेकले, मग तिच्या पाठीला पाठ लावून तो खाली बसला आणि सावकाश रवंथ करू लागला.